संपतरावांचा दहावा

तीस वर्षं मी शिरूर तालुक्यातल्या शेतकऱ्यांना एकच गोष्ट सांगत आलो : पीक पिवळं पडायची वाट बघू नका, आधी माती तपासून घ्या. (मृदाशास्त्रात माझी पीएचडी आहे.) स्वतःच्या बाबतीत मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीची चिठ्ठी चौदा महिने माझ्याच प्रबंधात खूण म्हणून पडून होती. वय एकाहत्तर. कॅन्सर निघाला तर? आणि नाही निघाला, पण लोकांना कळलं तर?

शेवटी ठरवलं, गुपचूप दौंडला जायचं. शिरूरच्या लॅबमध्ये सगळे माझेच विद्यार्थी. घरी काय सांगावं या विचारात असताना तोंडून निघून गेलं, "दौंडला संपतचा दहावा आहे."

(संपत नेवसे, माझा कॉलेजातला जुना सहकारी. ठणठणीत.)

माझी बायको सोजराबाई पोळ्या लाटता लाटता थांबली. "संपतभावजी गेले? आन् मला आज सांगताय?"

"मलाही आत्ताच कळलं."

"थांबा, मी येते. त्यांच्या धुरपदाला भेटाया नको?"

तिने साडी बदलेपर्यंत शेजारच्या मल्हारीला कळलं, म्हणजे अख्ख्या आळीला कळलं. "सर, तुमचा दोस्त त्यो आमचा दोस्त," म्हणत टोप्या घातलेले चौघेजण जीपमध्ये बसलेसुद्धा. मांडवगण सुटल्यावर सांगू, नदी ओलांडल्यावर सांगू, असं म्हणेपर्यंत दौंड आलं.

संपत अंगणात बनियनवर शेंगा फोडत बसला होता. सोजराबाई किंचाळली.

"या, या! एवढी मंडळी? टोप्याबिप्या घालून? कुणाचा दहावा हाय का काय?"

मल्हारीने जोडलेले हात तसेच ठेवले. "तुमचाच."

मग मात्र मी चिठ्ठी काढली आणि सगळं सांगून टाकलं. आता हसतील म्हणून मान खाली घातली. कुणी हसलं नाही.

"चौदा महिने?" सोजराबाईने चिठ्ठी माझ्या हातातून ओढून घेतली. "जित्ता माणूस मारलात, पर मला एका शब्दानं सांगितलं न्हाई?"

मल्हारी खाकरला. "सर, ही टेस्ट पन्नाशीनंतर सगळ्यांनीच करायची आसती व्हय?"

"डॉक्टरांना विचारून घ्यावी. सुरुवातीला त्रास जाणवतच नाही, म्हणून तर..."

"मग चला की. गाडी हायच."

संपतने शर्ट चढवला. "मला काडीचा त्रास न्हाई. पण दहाव्यापर्यंत आलोच हाय, तर चला."

माझा रिपोर्ट नॉर्मल आला. संपतचा आकडा वाढलेला निघाला. तेवढ्यावरून कॅन्सर म्हणता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या तपासण्यांत मात्र तो सापडला. लहान होता, जागच्या जागी होता. पुण्यात ऑपरेशन झालं. आज संपत पुन्हा शेंगा फोडतोय आणि येईल त्याला सांगतोय, "ह्यानं मला मारलं, म्हणून मी वाचलो."

तेव्हापासून आमच्या आळीतला कुणी त्या तपासणीला निघाला की घरात उघडपणे सांगतो, "संपतरावांच्या दहाव्याला चाललोय." बायकाही डबा बांधून देतात.

परवा माझी पुढची तपासणी होती. या वेळी छाती पुढे काढून सोजराबाईला खरं तेच सांगितलं, "दौंडला रक्त तपासायला चाललोय."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि साडी बदलायला उठत विचारलं,

"आता कोण गेलं?"