विद्यानगरच्या गच्चीवरील शिस्तबद्ध ग्रहदर्शन

आकाश सर्वांचं असतं, आणि म्हणूनच ते समितीशिवाय पाहणं बरं नाही. एकटा माणूस गच्चीवर जातो, मान वर करतो, पाहतो आणि जेवायला खाली येतो. ना स्वागत, ना प्रास्ताविक, ना आभारप्रदर्शन. अशा बेशिस्त पाहण्याची नोंद कुठेच राहत नाही.

म्हणून फेब्रुवारीअखेर एकाच संध्याकाळी पाच ग्रह दिसणार असं कळताच, विद्यानगरातल्या आमच्या सोसायटीच्या मराठी मंडळाने अकरा जणांची ग्रहदर्शन समिती नेमली. (मी कार्यवाह. दुर्बीण कोणाकडेच नव्हती, पण लेटरहेड होतं.) तीन बैठका झाल्या, त्यांतल्या दोन राहू-केतूंवर गेल्या. दिसत नसले तरी त्यांना दुखवायला नको, असं ठरून बॅनरवर नऊच्या नऊ ग्रह छापले. समितीचे फोटो त्यांच्याहून थोडे मोठे आले, कारण ग्रह लांब असतात.

आता नामदेवराव. वय एक्याऐंशी, चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. बाकीचे ग्रह त्यांनी पाहिले होते, बुध तेवढा राहिला होता. तो सूर्याला चिकटून असतो, संध्याकाळी घटकाभर दिसतो आणि मावळतो. "दरसाल पोरांना शिकवलो, डोळ्यानं एकदा बघितलो नाही," असं ते म्हणायचे. जानेवारीत मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी एवढ्यासाठीच उरकून घेतलं. इतकी तळमळ पाहून समिती हेलावली आणि तिने त्यांचा सत्कार करायचं ठरवलं.

सत्कारमूर्तीचं तोंड पूर्वेला हवं, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. त्यामुळे मंच पश्चिमेच्या कठड्याला लागून आला आणि त्यामागे वीस बाय दहाचा बॅनर. बुध पश्चिमेलाच असतो ही माहिती समितीपुढे आली होती. पण एका ग्रहाच्या सोयीसाठी ज्येष्ठांना उलटं बसवलं, तर उद्या प्रत्येक ग्रह सवलत मागेल.

कार्यक्रम साडेसहाचा होता, तो सात वाजायला दहा कमी असताना वेळेवर सुरू झाला. फ्लडलाइट लागले, दीपप्रज्वलन झालं, पाहुण्यांची ओळख झाली. (पाहुण्यांना ती अपुरी वाटल्याने त्यांनी स्वतः पुरी केली.) बुध सव्वासातला मावळणार होता. सात वाजून पाच मिनिटांनी नामदेवराव खुर्चीतून उठू लागले.

"प्रमोद, तो डुबायलाय ना रे! मला तिकडं जाऊ दे जरा."

"हौ सर, फक्त शाल राहिली," म्हणत आमच्या उपाध्यक्षांनी, म्हणजे प्रमोदने, त्यांना खांद्याला धरून बसवलं.

इतक्यात केतकीने मोबाइल वर धरला. ती पुण्याहून इथे आयटीत आलेली. "काका, ॲपमध्ये दिसतोय बुध! बॅनरच्या मागे, अध्यक्षांच्या नाकाच्या बरोबर मागे!" गच्चीभर टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी हात जोडले.

"मग काढा की ते बॅनर!" नामदेवराव ओरडले. (इतिवृत्तात 'सत्कारमूर्तींचे भावपूर्ण मनोगत' अशी नोंद आहे.) मग शाल आली, श्रीफळ आलं, हारासाठी त्यांची मान खाली करण्यात आली. आभार संपून बॅनर सुटला तेव्हा सात पंचवीस झाले होते. पश्चिम स्वच्छ होती. शुक्र लखलखत होता, बुध गेला होता. उपस्थिती एकशे चाळीस, बुध पाहिलेले शून्य, समाधानी एकशे एकोणचाळीस.

नामदेवराव नारळ घेऊन जिना उतरले. तेव्हा मला, कार्यवाह असूनही, वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. "मी नाही बघितलो, तुम्ही तरी बघितलात ना? कसा होता?" झाल्या प्रकाराची आम्हाला लाज वाटत होती. आम्ही सांगितलं, फार छान होता सर, थोडा गुलाबी. "चला, कोणीतरी बघितलं," ते म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं.

मंडळाची यादी संपली. आता ते ओळखीपाळखीच्यांना विचारतात. आम्हाला हसत तुम्ही इथवर आलात, उद्या तुमचा फोन वाजला तर 'मी वर्षानुवर्षं मानच वर केलेली नाही' असं त्यांना सांगाल? नाही ना? मग रंग गुलाबीच सांगा. बाकीच्यांचं तसंच ठरलंय.