काळी एकमधली मोटर

रविवारी दुपारी दोन तास झोप, एवढंच कालिंदीबाईंना आयुष्याकडून हवं होतं. साडी नको, सोनं नको, महाबळेश्वर तर नकोच नको. आठवडाभर सकाळी चौथीच्या वर्गातली साठ पोरं आणि दुपारी जनगणनेची पिशवी काखेत मारून शिवाजी पेठेतले जिने. "घरात माणसं किती? शिकलेलं कोण?" विचारून विचारून घसा बसला होता, पोटऱ्या ठणकत होत्या. दोन हजार एकची जनगणना संपायला अजून तीन दिवस होते.

आणि नेमकं त्याच आठवड्यात त्यांच्या नवऱ्याला, नृसिंहरावांना, संगीत झालं. कुणाला गोवर होतो, कुणाला कावीळ होते, तसं. शनिवारी ऑफिसातून परस्पर ते कुठल्याशा गुरुजींच्या शिबिराला गेले आणि संध्याकाळी राजारामपुरीतल्या आपल्या फ्लॅटवर परतले ते डोळे अर्धे मिटूनच.

"घर बेसूर नसतं गं, आपण कान देत नाही. प्रत्येक घराला आपला एक षड्ज असतो. तो सापडला की भांडीसुद्धा सुरात वाजतात."

"मग घासायलाच घ्या. तेवढीच वाजतील."

"बघ! 'वाजतील'वर कोमल धैवत लागला तुझा."

बायको काय म्हणाली, ते मात्र या नव्या कानांनाही ऐकू आलं नाही. बाईंनी पदर खोचला आणि भांडी घासली.

रविवारी सकाळपासून नृसिंहराव माळ्यावरची बाजाची पेटी घेऊन घरभर फिरत होते. कुकरची शिट्टी त्यांनी पास केली, मिक्सर नापास केला, न्हाणीघराच्या दाराला 'अजून रियाज हवा' असा शेरा मारला. दुपारी दोनला बाईंनी अंग टाकलं. तेवढ्यात आठवलं. बिल्डिंगच्या पाण्याची मोटर चालू-बंद करायची पाळी आठवड्या-आठवड्यानं फिरायची, आणि हा आठवडा त्यांचा होता.

"अहो, मोटर लावा. वीस मिनिटांत टाकी भरते. बंद करायची आठवण ठेवा, तुमच्या पाया पडते."

"हो हो."

नृसिंहरावांनी बटण दाबलं. खालून भिंतीतून घूंऽऽ असा आवाज वर चढला. त्यांनी पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर बोट ठेवलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. काळी एक! तंतोतंत काळी एक! घराचा षड्ज दहा वर्षं जिन्याखाली बोंबलत पडला होता आणि कुणी ऐकला नव्हता. त्यांनी भिंतीला पाठ लावली, डोळे मिटले आणि 'सा' धरला.

पाऊण तासानं दारावर धाडधाड थापा पडल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या रत्नव्वा, कंबरेपर्यंत भिजलेल्या.

"ओ बाई! अय्यय्यो, माझ्या कुरडया पवायला लागल्यात की गच्चीवर! पाच किलो गव्हाचा चीक काढलेला!"

"वहिनी, पुन्हा म्हणा," नृसिंहराव डोळे न उघडता म्हणाले. "मोटरीशी अगदी पंचमात बोलताय तुम्ही."

"आवाजाचं काय घिऊन बसलायसा? कुरडया गेल्या की माझ्या!"

"वा! क्या बात है!"

झालं. रत्नव्वांनी असा काही सूर लावला, की त्यांचे यजमान भीमाप्पा दुकानाच्या वह्या टाकून खाली आले. नृसिंहरावांनी त्यांनाही बैठकीत घेतलं.

"भीमाप्पा, तुम्ही खालचा षड्ज धरा, म्हणजे वहिनींचा राग जागेवर येईल."

"तीस वर्षं झाली लग्नाला. म्या काय धरायचं, ह्येच अजून ठरलं न्हाय हो!"

तेवढ्यात भिंतीत खर्रऽ झालं, आणि सगळं गप्प. जिन्यातून जळका वास आला.

"षड्ज गेला!" नृसिंहराव ओरडले.

"मोटर गेली!" तळमजल्यावरचे बाळासो धापा टाकत वर आले. "खालची टाकी कोरडी ठाक पडली, मोटर जळून खाक झाली. आता वरची टाकी सपली की काय हवा पिऊन ऱ्हायचं व्हय?"

हां हां म्हणता अख्खी बिल्डिंग हॉलमध्ये जमली. "बाईंनाच बोलवा, बाईच सांगतील!" असा कल्ला उठला आणि कालिंदीबाईंना अंथरुणातून उठवून मधल्या खुर्चीवर बसवलं. बाईंना रडू येत होतं, पण रडायलाही अंगात थोडं त्राण लागतं. भोवती दहा माणसं एकाच वेळी भांडत होती. बाईंची बावीस वर्षं नोकरी साठ पोरांच्या कलकलाटात झालेली. एवढ्या आवाजात त्यांना हळूहळू आपल्या वर्गात बसल्यासारखं वाटायला लागलं. मान कलली आणि बाई घोरायला लागल्या.

पहिल्यांदा ऐकलं ते अर्थातच नृसिंहरावांनी.

"श्श! ऐका जरा."

"काय ऐकायचं?" बाळासो खेकसले. पण ऐकलं. मग भीमाप्पांनी ऐकलं.

"लय एकसारखं चाललंय हो," ते हळूच म्हणाले.

"किती दमलीया वो बाई," रत्नव्वा कुजबुजल्या आणि ओला पदर पिळत खाली बसल्या. एकेक करत सगळेच बसले. दहा वर्षांत बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी पहिल्यांदाच मिळून एक गोष्ट कान देऊन ऐकली.

आणि त्या शांततेनं कालिंदीबाई दचकून जाग्या झाल्या. डोळे किलकिले करून बघतात तर भोवती दहा माणसं, माना खाली घालून, चिडीचूप.

"अगंबाई! कोण गेलं?"

"कुणी नाही गं. तू झोप, आम्ही ऐकतोय."

बाईंनी डोळे मिटले, पण झोप कुठली! पाचच मिनिटं गेली असतील, की बाळासो घसा खाकरून म्हणाले, "तर मोटरीचं काय म्हणत हुतो मी..." रत्नव्वांना कुरडया आठवल्या. आवाज चढायला लागला.

बाईंनी नाक वर केलं आणि त्या मोठ्यानं घोरल्या. सगळे गप्प झाले.

सहा वाजेपर्यंत कालिंदीबाई त्या खुर्चीत टक्क जाग्या राहून घोरत होत्या. दम घ्यायला जरा थांबल्या, की नृसिंहराव त्यांच्या कानाशी वाकून हळूच म्हणायचे, "काळी एक, हं."