आपल्यातल्या माणसाचा रिव्ह्यू

मोबाइलवर आरोग्य विमा शोधताना राणेकाका हप्ता बघत नाहीत, अटी बघत नाहीत. आधी रिव्ह्यू लिहिणाऱ्याचं आडनाव बघतात, मग गाव. सोयरीक जुळवतानाही कोणी इतकं खोदत नसेल.

काका नाहूरला आमच्या शेजारी राहतात. काकी चार वर्षांपूर्वी गेल्या, मूलबाळ नाही. मरोळच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि कंपनीचा विमाही संपला. वय सदुसष्ट, अंगात साखर. एकदा चक्कर येऊन जिन्यात बसले, तेव्हा मीच त्यांना विम्याचं अ‍ॅप उघडून दिलं.

अ‍ॅपवर लिहिलं होतं, ‘तुमच्यासारखे लोक हा प्लॅन घेतात.’

“माझ्यासारखे म्हणजे कोण रे? नावां सांग.”

“काका, ते वय आणि पिनकोड बघून ठरवतात.”

“ह्या पिनकोडात तू पण रवतंस. तू माझ्यासारखो?”

मी स्क्रीन खाली सरकवून लोकांचे रिव्ह्यू उघडून दिले.

“आपल्यातलो माणूस खोटा सांगूचो नाय,” हा काकांचा सिद्धान्त. पण आपल्यातला सापडेना. रोज आरेच्या रस्त्यावर चालायला जाणारे एक गृहस्थ बाद झाले. “तो आजारी पडतलो कशाक?” मग देवगडचे सावंत निघाले. गाव जुळलं, साखरही जुळली. मी म्हटलं, सुटलो. पुढे सावंतांनी लिहिलं होतं, ‘मुलाने धावपळ केली, आम्हाला काही बघावं लागलं नाही.’ “हो माणूस नको,” म्हणून काकांनी सावंतांना बोटाने वर ढकललं. असे तीन आठवडे गेले. माझं डोकं उठलं.

एका रविवारी त्यांनीच आमची बेल वाजवली. “गावलो.”

बघतो तर बोरिवलीचे कोणी डिकॉस्टा. ना गाव जुळत होतं, ना आडनाव. स्टारही तीनच दिलेले. लिहिलं होतं, ‘मी एकटा असतो. हॉस्पिटलात सोबत कोणी नव्हतं. कंपनीच्या बाईंनी फोनवरून सगळं निस्तरलं. जेवलात का, तेही विचारलं.’

काका जात-गाव शोधतायत असं मी तीन आठवडे धरून चाललो होतो. मला माझीच लाज वाटली. मी फॉर्म भरून दिला.

दुसऱ्या दिवशी त्या प्लॅनखाली नवा रिव्ह्यू दिसला. पाच स्टार. ‘पॉलिसी कालच घेतली, अनुभव नाही. राणे, नाहूर. मी पण एकटोच. कोणाक काय विचारूचा असल्यास चारनंतर येवा. मी घराकच असतंय.’