धुळीचं हक्कसोडपत्र

योगिता तायवाडे हिच्या अंगावरून धूळ पडत नाही, आणि म्हणून नियमाप्रमाणे ती आमच्या संस्थेत एकही दिवस हजर नव्हती.

हे कळायला आमची हजेरी कळावी लागते. आमचं गाव कापसाचं. कापसातली सरकी काढणारी पाच जिनिंग आहेत, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत इथे माणसाच्या भुवयांत, पोरांच्या वह्यांत, चहाच्या कपात रुईचे तंतू निघतात. अशा गावच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेला वरच्यांनी धूळमुक्त खोलीचा अभ्यासक्रम का दिला, हे मला विचारू नका. मी निदेशक देवीदास ठोंबरे. सत्तावीस वर्षं फिटरच्या पोरांना कानस धरायला शिकवलं. मग मला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण दिलं आणि संगणकाच्या चिपा बनवणाऱ्या कारखान्यांसाठी तंत्रज्ञ घडवायला सांगितलं. सांगितलं ते केलं.

खोली काचेची आहे. आत शिरण्याआधी पांढरा झगा, टोपी, मुखपट्टी, हातमोजे घालायचे आणि हवेच्या झोतात अर्धा मिनिट गरगर फिरायचं. एवढं करूनही माणसाच्या अंगावरून थोडी धूळ पडतेच. किती पडते, कशी पडते, हे माणसागणिक वेगळं असतं आणि सहसा जन्मभर बदलत नाही. भिंतीवर मोजणी यंत्र आहे. ते पडणारे कण मोजतं, माणूस ओळखतं आणि त्याची हजेरी लावतं. माझ्या वर्गातल्या सागर ढेंगेचा आकडा तीनशे दहा, माझा एकशे बेचाळीस. आधी अंगठ्याचं यंत्र होतं. पण पोरं घरी झोपून अंगठा तेवढा मित्राबरोबर पाठवायची, म्हणून ते काढून टाकलं.

योगिता पहिल्या दिवशी आत गेली तेव्हा आकडा शून्य आला. मला वाटलं, यंत्र बिघडलं. मी दारात उदबत्ती पेटवली तर आकडा नव्वद हजारांवर गेला. यंत्र ठणठणीत होतं. मग तिला झग्याशिवाय आत उभं केलं, वेणी झटकायला लावली, जागच्या जागी उड्या मारायला लावल्या. आकडा शून्यच. बाकीची पोरं काचेला नाक लावून बघत होती. ती बिचारी घामाघूम झाली आणि माझ्याकडे पाहत राहिली.

मी तिला घेऊन प्राचार्य काळमेघांकडे गेलो.

"तिचा आकडा शून्य येतो," मी सांगितलं.

"म्हणजे ते आलीच नाही."

"बाहेर उभी आहे, सर."

त्यांनी दारातून डोकावलं. योगिताने नमस्कार केला. त्यांनीही केला आणि ते परत येऊन खुर्चीत बसले.

"दिसून तं राहिली," ते म्हणाले. "पण दिसण्याचा रकाना नाही ना, ठोंबरे, आपल्याकडे. ऐंशी टक्के हजेरी भरली नाही तं परीक्षेले बसता येत नाही. मी काय करू बाप्पा?"

माणूस वाईट नाही. त्यांचा स्वतःचा आकडा आठशे आहे आणि त्याचं त्यांना मनातून वाईट वाटतं.

खरी गंमत पुढे आहे. आमच्या प्रात्यक्षिक परीक्षेत दोनशेच्या आत आकडा राहिला तर पास, आणि जितका कमी तितके गुण जास्त. योगिता परीक्षेला बसली असती तर तिच्या वर कोणी गेलंच नसतं. तिचा हातही चांगला. चिमट्याने सिलिकॉनची चकती अशी उचलायची, की मी सत्तावीस वर्षांत एवढा हलका हात पाहिला नव्हता. पण हजेरीच्या पुस्तकात तिच्या नावापुढे रोज गैरहजरीचा गोळा. मार्चमध्ये परराज्यातली एक कंपनी पोरं निवडायला येणार होती आणि प्रमाणपत्र मिळणाऱ्यांनाच घेणार होती.

दुपारच्या सुट्टीत ती पायऱ्यांवर एकटीच डबा खायची. पोरी तिला टाळायच्या असं नाही. ती तिथे बसली आहे हे त्यांच्या लक्षातच येत नसे. एकदा मी माझा डबा घेऊन शेजारी बसलो.

"घरी कोण असतं गं?"

"कोणी नाही, सर. माय जिनिंगात होती. दोन वर्षं झाले तिले जाऊन."

"आणि हे धुळीचं कधीपासून?"

"तवापासूनच." तिने भाकरीचा तुकडा मोडला. "माय होती तवा माह्या उशीवर केस सापडत. माय लय चिडे. आता खोली महिनाभर झाडली नाही तरी चकचकीत राह्यते. पहिले बरं वाटलं. मंग भेव वाटाले लागलं, सर. मी त्या खोलीत राह्यतो याचा काही पुरावाच नाही."

"इथलं नाही जमलं तर जिनिंग आहेच की," मी उगाच म्हणालो.

"जिनिंगात मले कोण घेईन? तिथं संध्याकाळी फाटकावर जे पांढरे होऊन निघतात त्यांचीच मोजणी होते. माह्या अंगावर रुई बसत पण नाही."

माझ्या घराची गोष्ट उलटी आहे. बायको जाऊन तीन वर्षं झाली आणि तेव्हापासून मी घर झाडलेलं नाही. फरशीवर धुळीचा थर आहे आणि त्यात माझ्या पावलांची एकच वाट आहे, खाटेपासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून दारापर्यंत. त्या घरात मला एकटं वाटत नाही, असं मी लोकांना सांगतो. ते खोटं आहे. मला तिथे फार एकटं वाटतं.

हजेरीसाठी पहिला उपाय योगितानेच केला. तिने झग्याच्या खिशात चिमूटभर रुई लपवून नेली. यंत्राने ती लगेच ओळखली आणि पुस्तकात नोंद केली, "जिनिंग क्रमांक तीन, हजर." प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, जिनिंगला प्रवेश कोणी दिला. प्रवेश दिलेला नाही, असं मी लेखी कळवलं. धूळमुक्त खोलीत रुई नेल्याबद्दल योगिताला शिक्षा व्हायला हवी होती, पण ती त्या दिवशी गैरहजर असल्यामुळे शिक्षा करता आली नाही.

दुसरा उपाय माझा, आणि तो उपाय कसला, शुद्ध लबाडी होती. ती आत असताना मी टोपी न घालता शिरलो आणि तिच्या टेबलाजवळ उभा राहून डोकं खाजवलं. वाटलं, जास्तीची धूळ यंत्र तिच्या नावावर टाकेल. यंत्राने तसं केलं नाही. पुस्तकात ओळी उमटल्या, "ठोंबरे, हजर. ठोंबरे, हजर." तो आठवडाभर मी रोज दोनदा हजर होतो.

"ठोंबरे, तुम्ही दोन झाले काय?" प्राचार्यांनी विचारलं.

मी सरळ कबूल केलं आणि म्हणालो, "त्यातला एक तिचा धरा, सर."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "एक धूळ दोघांच्या नावावर चढत नाही. शेतीचं कसं असते? एका सर्व्हे नंबराचे दोन मालक पाह्यजे असतील तं आधी वाटणी लागते. अन् धुळीची वाटणी आजवर कोणी केली नाही."

"हक्कसोड चालेल का?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "चालन," ते म्हणाले. "पण मंग तुमची काहीच राहाची नाही. सगळी तिची. मागच्या तारखेपासून."

योगिताला सांगितलं तर ती रडायलाच लागली. "सर, मंग तुमी?"

"मी जुलैत निवृत्त होतोय. त्यानंतर मला कोण मोजणार आहे?"

"तरी पण, सर."

"माझ्या घरी त्या धुळीचा उपयोग करणारं कोणी नाही," मी म्हणालो. तिच्यासमोर आवाज कापू नये म्हणून जरा रागावूनच म्हणालो.

आमच्याकडे हक्कसोडपत्र बहुधा बहिणी भावांना लिहून देतात. पुरुषाने परक्या मुलीला लिहून दिलेलं पाहून दस्त लिहिणाऱ्याने दोनदा विचारलं, दबाव तर नाही ना. मी नाही म्हणालो. त्याने लिहिलं, "माझ्या अंगावरून पडलेली, पडत असलेली व यापुढे पडणारी सर्व प्रकारची धूळ, केस व कोंडा यांवरील माझा हक्क मी राजीखुशीने सोडत आहे." दोन साक्षीदारांनी सह्या केल्या आणि दस्त रीतसर झाला.

त्या दिवसापासून मी आत गेलो की योगिताची हजेरी लागायची. मी गेलो नाही तर ती गैरहजर. त्यामुळे मला एकही सुट्टी घेता येईना. मेहुण्याच्या मुलीचं लग्न मी चुकवलं. मागच्या तारखांचा हिशोब झाला तेव्हा तिची हजेरी शहाण्णव टक्के भरली. श्रावणात मला चार दिवस ताप होता, ते चार दिवस तिचे गेले.

परीक्षेच्या दिवशी मी खोलीच्या कोपऱ्यात उभा राहिलो. मी घरी थांबलो असतो तर तिची धूळ माझ्या घरी पडली असती आणि ती परीक्षेला गैरहजर ठरली असती. तीन तास मी पापणीसुद्धा बेताने हलवली. योगिताने चकत्या उचलल्या, तपासल्या, एकही ओरखडा न पाडता जागेवर ठेवल्या. तिचा आकडा एकशे बेचाळीस आला आणि ती तिसरी आली. शून्यावर पहिली आली असती. निकाल पाहून ती एवढंच म्हणाली, "नाव आलं, सर." निकालाच्या पाटीवर आपलं नाव ती पुन्हा पुन्हा वाचत होती. मला फार बरं वाटलं, आणि तेवढंच वाईटही वाटलं, कारण कंपनीने तिला घेतलं आणि जूनच्या अखेरीस ती गेली.

माझा निरोप समारंभ जुलैत झाला. प्राचार्यांनी चांगलं भाषण केलं. पण पुस्तकात गेल्या कित्येक महिन्यांत माझी एकही हजेरी नव्हती, आणि गैरहजर माणसाचा सत्कार करायचा कसा, हा प्रश्न होताच. शाल आणि नारळ रिकाम्या खुर्चीवर ठेवले. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. चिवड्याच्या पुड्या मोजून आणल्या होत्या, त्यात माझी नव्हती.

ऑगस्टमध्ये कंपनीचं पत्र आलं. "आपल्या संस्थेच्या उमेदवार कु. योगिता तायवाडे रुजू झाल्या आहेत. तथापि प्रमाणपत्रात नमूद केलेली धूळ त्यांच्यासोबत आढळली नाही. त्यामुळे आमच्याकडे त्यांची हजेरी लागत नाही. सदर धूळ आपणाकडे राहिली असल्यास दरमहा न चुकता पाठवावी." प्राचार्यांनी पत्रावर "श्री. ठोंबरे यांजकडे, कार्यवाहीस्तव" असा शेरा मारून ते माझ्या घरी पाठवलं. मी गैरहजर असलो तरी टपाल मला पोचतं.

मी केरसुणी विकत आणली. जुनी बायकोच्या हातची होती, तिला मी हात लावला नाही. पहिल्यांदा घर झाडलं तेव्हा तीन वर्षांची धूळ निघाली. योगिताला ती सहज दोन महिने पुरली. मग दर रविवारी झाडायला लागलो. खाटेखाली, फळ्यांवर, बायकोच्या शिलाई यंत्रामागे, जिथे माझी वाट जात नव्हती तिथेसुद्धा. महिन्याच्या शेवटी पुडी बांधून किराणावाल्याकडे वजन करतो, कारण चाळीस ग्रॅम लागते. किराणावाला विचारतो, "मास्तर, आहे काय यात?" मी सांगतो, "एका मुलीची धूळ आहे." तो वजन चिठ्ठीवर लिहून देतो. मग मी पोस्टात जातो.

चौथ्या-पाचव्या दिवशी पोहोच येते. छापील कागद असतो, "माल मिळाला," आणि खाली योगिताची सही. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, तिन्ही पोहोचा सारख्या आल्या. मी त्या डब्यात ठेवल्या.

डिसेंबरात मी दहा दिवस दवाखान्यात होतो. छातीत पाणी झालं होतं. कोणाला कळवलं नाही, कळवावं असं कोणी आठवलंही नाही. शेजाऱ्यांना वाटलं, मी मेहुण्याकडे गेलो. घरी आल्यावर जेवढी निघाली तेवढी धूळ पुडीत बांधून पाठवून दिली.

या वेळी पोहोच नेहमीपेक्षा लवकर आली. "माल मिळाला" या ओळीखाली योगिताने पेनाने लिहिलं होतं, "सर, या खेपेला अकरा ग्रॅम कमी भरली. माह्या आठ दिवसांची हजेरी गेली तं जाऊ द्या. पण तुमी कुठी होते? तब्येत बरी हाय ना? जेवता ना बरोबर?"

कागद मी दोनदा वाचला. मग खाटेवर बसून रडलो. बराच वेळ रडलो.

उत्तर लिहायला वेळ लागला नाही. "चि. योगितास अनेक आशीर्वाद. दवाखान्यात होतो, आता बरा आहे. जेवतो. राहिलेली अकरा ग्रॅम पुढच्या पुडीत घालतो, काळजी नसावी." खाली सही केली. आठ दिवस म्हणजे काही थोडे नव्हेत, म्हणून पाकीट बंद करण्याआधी मी कागदावर वाकून डोकं नीट खाजवलं, घडी घातली आणि मग पाकीट चिकटवलं.