गेनबाच्या पोटातले खडे

गेनबाच्या वरच्या ओठावर कायम पांढरी रेघ असते. नवा माणूस समजतो, म्हातारा आत्ताच दूध पिऊन आलाय. दूध कसलं, पित्ताचं औषध. झाकणानं मोजून घ्यायचं, तर हा बाटलीच तोंडाला लावतो. म्हणतो, "झाकनानं प्यायला मी काय चिमनी हाय?"

गेनबा माझा शेजारी. दोघांची भातखाचरं धरणाच्या अंगाला, बांधाला बांध लागून. वय सारखंच, अक्कल माझी जरा बरी. त्याच्या चंचीत आता तंबाखू नसते, पित्ताच्या गोळ्या असतात. समोर कोण बसलं की सवयीनं एक पुढं करतो. रिसॉर्टवर आलेल्या पुण्याच्या एका बाईलाही दिली. तिनं पेपरमिंट समजून खाल्ली, वर थँक्यू म्हणाली.

पिरंगुटच्या डॉक्टरनं पोटाची सोनोग्राफी केली, तर पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, गोळीनं जळजळ दबते, खडे जात नाहीत, पिशवीच काढावी लागेल. गेनबानं अर्धंच ऐकलं. आंबट जमिनीत चुना टाकला की ती सुधारते, तसंच पोटाचं, हे त्याचं शास्त्र. "खडं इरघळत्यात की. डागदर कवा भात लावायला आलाय?"

खडे काही विरघळले नाहीत, पोट मात्र गोळ्यांनी गच्च झालं. सकाळी डबा घेऊन परसाकडं गेला की माझी म्हैस पिळून होते तरी परत येत नाही. विचारलं तर म्हणतो, "मिटिंग झाली, निर्णय न्हाई."

माझी हौसा गेल्या साली गेली. दहा दिवस भावकीनं भाकरी आणली. तेरावं झालं नि जो तो आपल्या कामाला लागला. गेनबा मात्र रोज दिवेलागणीला यायला लागला, स्वतःचं ताट काखेत मारून. मला येतं एकच, सुकटीचं कालवण. तेल, तिखट हात सुटेल तसं. हा खाणार, घाम पुसणार, गोळी चघळणार, वर नावं ठेवणार. "हौसावैनी करायची ते कालवन. ह्ये फवारनीचं औषध." मी म्हणायचो, मग येऊ नको, फुकट्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

एका संध्याकाळी जेवता जेवता उजव्या बरगडीखाली कळ आली. ताट सारून आडवाच झाला. त्याच्या पोरानं जीप काढून दवाखान्यात नेलं. पिशवी सुजली होती, आता ऑपरेशनशिवाय सुटका नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. त्याची सून बाहेर बाकावर बसली होती. मी तिला फाडकन विचारलं, घरी ह्याला जेवायला घालता का नाही? माझ्याकडं येऊन हादडतो.

ती म्हणाली, "तात्या, घरी ते तेलाचा थेंब घेत न्हाईत. तुमच्याकडचं पचावं म्हनून गोळ्या खात्यात. दोनदा आपरेशनची तारीख मिळाली, दोनदा फिरवली. म्हनले, मी पडून ऱ्हायलो तर त्यो चूलच पेटवायचा न्हाई."

तो यायचा म्हणूनच तर मी चूल पेटवत होतो.

आत गेलो. त्याला पाण्याचा घोटही बंद होता. न्यायला माणसं ढकलगाडी घेऊन आली, तर हा उठेना. सुनेला म्हणाला, "तुजा डबा काढ. तात्याला वाढ. ह्यो जेवला की मग मी जातो."

नर्सबाई ओरडल्या, डॉक्टर खोळंबलेत. हा ढिम्म.

स्टुलावर बसून मी जेवलो. मऊ भात नि दुधी.

"मीठ न्हाई ह्यात," मी म्हणालो.

"गप गिळ."

डबा तळाला लागेपर्यंत त्यानं माझ्यावरची नजर काढली नाही. शेवटचा घास गेला, तसा आपणच गाडीवर चढून आडवा झाला.

"चला बाई," नर्सला म्हणाला. "आता कापा."