मोगराबाईंचं ऊन

"सावद्यात घरं रग्गड झाली, पण रस्त्यानं जाणाऱ्यानं थांबून बघावं असं घर एकच होणार, आणि ते माझं!" पायाचा नारळ फुटायच्या आधीच मोगराबाईंनी जाहीर करून टाकलं होतं.

मोगराबाई म्हणजे अख्ख्या गल्लीच्या अक्का. शाळा दुसरीपर्यंत, पण तोंड असं की वकिलानं खाली बसून ऐकावं. मुलगा पितांबर केळीचा व्यापारी. बाहेर घासाघीस करताना त्याचा आवाज चौकापर्यंत जायचा, आईसमोर मात्र पिकल्या केळ्यासारखा मऊ पडायचा. सून कामिनी धुळ्याची, शिकलेली आर्किटेक्ट. तिनं नव्या घराचा नकाशा काढला, नगरपालिकेतून मंजूर करून आणला आणि सासूबाईंपुढे पसरला.

अक्कांनी चष्मा चढवला. "ह्या पुढच्या बाजूला खिडक्या आहेत की उंदरांची बिळं?"

"आई, घराचं तोंड पश्चिमेला आहे. आपल्याकडचा वैशाख म्हणजे तुम्हाला माहीतच आहे! दुपारचं ऊन आत येऊ नये म्हणून खिडक्या लहान ठेवल्यात आणि वर रुंद छज्जा काढलाय. पुढची जागा नियमानं मोकळी सोडावीच लागते, तिथं आपण सावलीला कडुलिंब लावू."

"म्हणजे घर बांधायचं मी, आणि लोकांना दिसायचा लिंब!"

कामिनी हसली. वाद घालायचे तिचे दिवस नव्हते, सातवा लागला होता. ती बाळंतपणाला माहेरी निघाली. तिची गाडी पारोळ्याच्या पुढे जायच्या आत अक्कांनी वना गवंड्याला हाक मारली.

"वना, ही पुढची भिंत नको. छज्जा नको. वरपासून खालपर्यंत काच बसव. जळगावला त्या कापडाच्या मोठ्या दुकानाला आहे ना, तशी. निळी!"

"अक्का, पण नकाशात..."

"नकाशात राहायला मी जाणार आहे का?"

वनानं नकाशाची गुंडाळी केली. काच बसली. माघात वास्तुशांत झाली. थंडीचे दिवस, कोवळं ऊन, काच नुसती चमचम करत होती. जाणारा-येणारा तिच्यात बघून केस विंचरायचा. अक्का आतून बघायच्या आणि तृप्त व्हायच्या. बाळंतीण कामिनी धुळ्यालाच होती. पितांबरनं तिला घराचे फोटो पाठवले, ते सगळे मागच्या बाजूचे!

मग चैत्र उजाडला.

दुपार झाली की दिवाणखान्यात पापड भाजता आला असता. पंखा लावला की भट्टीला भाता लावल्यासारखं व्हायचं. रेक्झिनच्या सोफ्यावर बसलेला पाहुणा उठताना सोफा सोबत घेऊन उठायचा. अक्का पदरानं घाम पुसत म्हणायच्या, "उजेड बघा कसा लख्ख!" पाहुणे मान डोलवायचे आणि निरोप घेऊन समोरच्या मंजुळाबाईच्या ओट्यावर, लिंबाखाली जाऊन बसायचे.

ही मंजुळाबाई म्हणजे अक्कांच्या डोळ्यातलं कुसळ. दोघींचा अबोला जुना होता. त्याचं कारण दोघींनाही आठवत नव्हतं, म्हणून तो मिटतही नव्हता. पण एका संध्याकाळी मंजुळाबाई हातात थाळी घेऊन गल्ली ओलांडून आली. थाळीत बिबड्यांची, ज्वारीच्या खानदेशी पापडांची चळत! तिचं माहेर दोंडाईच्याचं, आनंद झाला की तिची अहिराणी उसळायची.

"अक्का, तुमचे लई उपकार! एरवी तीन दिवस लागतात, यंदा एका दिवसात बठ्ठे, सगळेच्या सगळे वाळले! तुमनं ऊन भलतं गुणी शे!"

"माझं ऊन?"

मंजुळाबाईनं बोट वर केलं. अक्कांनी पाहिलं. सगळी दुपार त्यांची काच ऊन झेलत होती आणि समोरच्या बुटक्या घराच्या गच्चीवर नेऊन ओतत होती. मंजुळाबाईच्या गच्चीवर दोन सूर्य होते. एक देवाचा, एक मोगराबाईंचा!

"ने ती थाळी! आमच्या घरात काय बिबड्यांचा दुष्काळ पडलाय?"

थाळी परत गेली, पण बातमी गल्लीभर झाली. दुसऱ्या दिवसापासून बायका खाटा, ओली लुगडी, पिठाची पातेली घेऊन मंजुळाबाईच्या जिन्यावर रांग लावू लागल्या. बिबडे झाले, कुरडया झाल्या, वर्षाच्या मिरच्या झाल्या. गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीनं गुडघे टेकले. टाकीतलं पाणी इतकं तापायचं की मंजुळाबाईचा नवरा आंघोळीचं नाव काढलं की शेतात पळायचा. आणि संध्याकाळी घरी जाताना एकेक बाई अक्कांच्या दारात थांबून सांगायची, "अक्का, उपकार हो!"

शिव्या दिल्या असत्या तर अक्का सगळ्यांना पुरून उरल्या असत्या. आभारांना काय उत्तर द्यायचं?

तशात कामिनी लेकीला घेऊन आली. गाडीतून उतरली, काचेकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. पितांबरला एकदम टायरची हवा तपासायची आठवण झाली.

नातीचं नाव मोहिनी. अक्कांनी तिच्यासाठी सागवानी पाळणा करून घेतला होता, स्वतःच्या हातानं दुपट्याला चिमण्या शिवल्या होत्या. पण दुसऱ्या दुपारी पोरीचं अंग घामोळ्यांनी लालभडक झालं. ती रडून रडून मलूल झाली. मागच्या खोलीत नेलं, ओलं फडकं फिरवलं, काही उपयोग नाही. घरच तापलेलं, ते कुठं कुठं पुसणार?

कामिनीनं पोरीला कडेवर घेतलं. बॅग भरली. "आई, पाऊस पडला की येऊ."

"जा जा! धुळ्याला काय बर्फ पडतो?" अक्का म्हणाल्या. गाडी वळल्यावर आत आल्या आणि रिकाम्या पाळण्याला झोका देत बसल्या.

काच काढा, एवढं म्हटलं की काम होतं. पण मग सावदा हसणार! मंजुळाबाई हसणार! अक्कांच्या जिभेवर सगळं जग चढून उतरलं होतं, "चुकलं" तेवढं कधी चढलं नव्हतं. म्हणून तो सगळा राग गल्लीच्या पलीकडे गेला. अक्का पदर खोचून थेट नगरपालिकेत.

"साहेब, तक्रार आहे. समोरची बाई माझं ऊन वापरते!"

इंजिनीयर साहेबांनी पेन खाली ठेवलं. "काय वापरते?"

"ऊन! माझ्या काचेचं. न विचारता! ती तिकडं ओढून घेते म्हणून माझ्याकडं जास्त येतं. घर तापतं, नात पळून गेली!"

साहेबांनी इतक्या वर्षांत सांडपाण्याच्या, कुत्र्यांच्या, लाउडस्पीकरच्या तक्रारी ऐकल्या होत्या. उन्हाची पहिलीच! ते त्याच दुपारी नकाशा काखेत मारून हजर झाले. गल्ली गोळा झाली. साहेबांनी डोळ्यांवर हात धरून काच पाहिली, मग नकाशा उघडला, मग पुन्हा काच पाहिली.

"अक्का, इथं तर भिंत पाहिजे. वर छज्जा पाहिजे."

"असेल. कागदावर माणसं काहीही काढतात."

"मंजूर नकाशाप्रमाणे नाही बांधलं तर घरात राहायचा, भोगवट्याचा दाखला मिळत नाही. आणि पावसाआधीचं वारं विसरलात का? केळीच्या बागाच्या बागा आडव्या करतं ते! ह्या काचेला लागलं तर सगळी गल्लीत सांडेल. काच उतरवा, नकाशात आहे तसं करा."

गल्ली दोन पावलं मागे सरली. आता अक्का साहेबांना सोलणार! पितांबर तर खांबाआड गेला. आणि अक्कांना वाटलं, आता मंजुळाबाई टाळ्या पिटणार.

मंजुळाबाई पुढे आली. "साहेब, लवकर उतरवायला लावा. आमचे बिबडे वाळतील सावकाश तीन दिवसांनी. लेकरू घरी यायला पाहिजे."

अक्कांनी तिच्याकडे पाहिलं. पदर सावरला आणि आवाज चढवला. "तू गप! माझ्या घराचं सांगणारी तू कोण?" मग साहेबांकडे वळून, अगदी गरीब गाईसारख्या, "सरकारच म्हणतंय म्हटल्यावर मी बापडी काय करणार? कायदा मोडणं आमच्या रक्तात नाही. वना! अरे वना! उभा काय राहिलास, शिडी आण!"

साहेबांना दुप्पट साखरेचा चहा मिळाला. कप परत घेताना अक्का हळूच म्हणाल्या, "साहेब, तुमच्यामुळे माझी नात घरी येईल. देव तुमचं भलं करो. आणि एक विचारू? तो छज्जा... नियमात बसत असेल तर जरा आणखी रुंद चालेल का?"

काच उतरली, भिंत उभी राहिली, छज्जा बाहेर आला. पुढच्या जागेत लिंबाचं रोप लागलं आणि अक्का त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी घालू लागल्या. भेटेल त्याला सांगायच्या, "सरकारनं जबरदस्ती केली हो!" मोहिनी परत आली. भर दुपारी पाळण्यात हातपाय पसरून गाढ झोपली. अक्का कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिल्या, मग सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला.

"कामिनी, तुझ्या नकाशात एकच चूक होती. छज्जा लहान काढला होतास."

"हो आई," कामिनी म्हणाली. तिनं ओठ घट्ट मिटले होते.

तेवढ्यात दारात मंजुळाबाई दिसली. हातात तीच थाळी, पाय उंबऱ्याबाहेर. "शेवटली थाळी शे अक्का, तुमच्या उन्हातली. या वेळी परत नका धाडू."

"बाहेर काय उभी राहतेस भाडेकरूसारखी? आत ये, बस. इथं गार आहे."

बिबडे भाजले गेले. अक्कांनी पहिला तुकडा मोडला आणि डोळे मिटून चावला. सगळे बघत राहिले.

"मीठ कमी पडलंय," अक्का म्हणाल्या. दुसरा तुकडा मोडला. "ऊन मात्र अगदी बरोबर लागलंय!"