व्हेलच्या पायाचं बोट

डॉ. शाहिनाझ यांनी पहिला चहा घेतला तोवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो दुसऱ्या चहाला.

आता आमच्या फय्यूममध्ये पाहुणीला एका चहावर सोडायची पद्धत नाही. त्यातून ही पाहुणी कैरोच्या विद्यापीठातली, वाळवंटात व्हेल माशांची हाडं शोधणारी. मुख्याध्यापिका इनआमबाई तिला सोडतात की काय! "बसा हो, पुदिना आत्ता तर घातलाय," असं म्हणून त्यांनी दुसरा पेला भरला, आणि डॉक्टरबाई संकोचाने बसल्या.

त्याआधीचा तास मात्र झकास झाला होता. सहावीच्या मुलींना त्यांनी सांगितलं, की चार कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता आणि त्यातल्या व्हेलना इवलेसे मागचे पायही होते. शहद नावाची मुलगी ताबडतोब उठली.

"पाय होते? मग चालायचा का तो?"

"नाही गं. नुसतेच होते."

"आमच्या काकासारखं म्हणजे. त्यालाही पाय आहेत, पण खाटेवरून उठत नाही."

वर्ग हसला, डॉक्टरबाईही हसल्या. मग त्यांनी खजुराएवढं एक तपकिरी हाड काढलं. व्हेलच्या पायाचं बोट! जुनं हाड जिभेला चिकटतं, दगड चिकटत नाही. वाळवंटात आम्ही असंच ओळखतो, असं सांगून त्यांनी अंगणातली मूठभर खडी धुऊन आणवली, त्यात हाड मिसळलं आणि तबक फिरवलं. मुलींनी जिभा लावून ते बरोबर शोधलं. तेवढ्यात घंटा झाली, इनआमबाईंनी हात धरून चहाला नेलं, आणि हाड तबकातच राहिलं.

खरं तर ते तबकातच काय, शाळेतही असायला नको होतं. त्यावर अजून नंबर पडला नव्हता आणि कपाटातून काढताना डॉक्टरबाईंनी सही केली नव्हती. विभागप्रमुख डॉ. फतहल्ला यांनी बजावलंच होतं, "पोरींना गोष्टी सांगणं हे तुमचं काम नव्हे. आणखी एक तक्रार आली, की शाळांना जाणं कायमचं बंद!" आणि उद्या सकाळी ते स्वतः कपाट तपासणार होते.

दुसरा चहा संपवून डॉक्टरबाई वर्गात आल्या. तबक लख्ख होतं. रिकामं.

"मीच आवरलं," शिपाईणबाई उम्म सब्री कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या बाई आल्यात आणि वर्गात धोंडे! पोरींना काही रीतभात? जिथले तिथे टाकून आले."

"जिथले तिथे म्हणजे?"

उम्म सब्रींनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. कुंपणाच्या भिंतीसाठी आणलेला खडीचा ढीग माणसाच्या खांद्याएवढा होता, आणि शेजारी गवंडी उस्ता बयूमी सिमेंट कालवायचं मशीन सुरू करत होता.

डॉक्टरबाई धावल्या. "थांबवा! खडीत बोट आहे!"

बयूमीने मशीन बंद केलं आणि घाबरून आधी आपल्या गड्यांचे हात पाहिले. "सगळ्यांची दहा-दहा आहेत, बाई."

"माणसाचं नाही हो. व्हेलच्या पायाचं!"

बयूमीने इनआमबाईंकडे पाहिलं. ऊन लागलंय का, असं त्याला विचारायचं होतं, पण शिकलेल्या बाईला कसं विचारणार?

डॉक्टरबाई मात्र खडीवरच बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. तेरा वर्षं वाळवंट तुडवलं होतं त्यांनी. बाईमाणसाने तिथे तंबू ठोकायचा का, यावरून घरच्यांशी भांडल्या होत्या. ते हाड हरवलं याचं दुःख होतंच; पण उद्यापासून अशा तीस मुलींसमोर कधीच उभं राहता येणार नाही, हे त्यांना जास्त लागलं.

"रडता काय, बाई?" शहद म्हणाली. "जिभा आहेत ना आम्हाला."

बादल्या आल्या. डॉक्टरबाई हाडासारखे दिसणारे खडे निवडून देत, उम्म सब्री डोळे पुसत धूत, आणि मुली जीभ लावत. "अहो, यांच्या आयांना मी काय सांगू?" असं ओरडता ओरडता इनआमबाईंनी हातातला एक खडा इकडेतिकडे बघून हळूच जिभेला लावला. बयूमी म्हणाला, "चाळीस वर्षं धूळच खातोय, मला काय होतंय!" आणि त्याच्याच जिभेला एक तुकडा असा चिकटला, की त्याला ओरडताही येईना.

डॉक्टरबाईंनी तो सोडवून उन्हात धरला. "हे माझं नाही. हे कासवाच्या पाठीचं आहे!"

"कासव? माझ्या खडीत?"

खडी वाळवंटातल्याच खाणीची होती. संध्याकाळपर्यंत अशी चार हाडं निघाली, आणि पाचवं शहदला सापडलं. ते मात्र हरवलेलं व्हेलचं बोटच होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी हाड कपाटात ठेवलं आणि आपण होऊन सगळं सांगून टाकलं. डॉ. फतहल्ला शांतपणे ऐकत होते. त्यांच्या हातात शाळेचं सकाळीच फॅक्सने आलेलं पत्र होतं.

"तक्रार आलीच आहे," ते म्हणाले आणि चवीने वाचू लागले. "'आपल्या डॉ. शाहिनाझ यांच्यामुळे आमच्या शाळेचं बांधकाम बंद पडलं आहे.' वा! 'मुलींनी तपासल्याशिवाय गवंडी खडीला हात लावायला तयार नाही. निघालेली हाडं ओळखायला इथे कोणी नाही. तरी ढीग संपेपर्यंत डॉक्टरबाईंना दर गुरुवारी पाठवावे. अन्यथा विलंबाची जबाबदारी आपल्या विभागप्रमुखांवर राहील.'"

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. जबाबदारी या गोष्टीला ते आयुष्यभर भीत आले होते.

"ढीग संपेपर्यंत जा," ते म्हणाले. "त्यानंतर एक दिवसही नाही!"

डॉक्टरबाईंनी व्हरांड्यात येऊन इनआमबाईंना फोन लावला आणि ही अट सांगितली. पलीकडून कसलीतरी घरघर आणि बयूमीचं "मागे घे, अजून मागे घे" ऐकू येत होतं.

"ढीग संपेपर्यंत ना?" इनआमबाई म्हणाल्या. "मग तुम्ही निवांत या. दुसरा ट्रक आत्ताच ओततोय."